ट्रॉलीचा इंडिकेटर आणि आमच्या दुकानातली एक जोडणी

दसरा-दिवाळी उरकली की आमच्या बारामती-इंदापूर भागात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. एक, कारखान्यांचे गाळप. दुसरी, उसाच्या ट्रॉल्यांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवण्याचे कार्यक्रम. कारखान्याचे पदाधिकारी येतात, परिवहन कार्यालयाचे अधिकारी येतात, चार ट्रॉल्या रांगेत उभ्या करतात, पट्टी चिकटवताना फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. मी याची थट्टा करत नाही. अंधारात बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसे मरतात. पट्टीने त्यातला एक जीव वाचला तरी कार्यक्रम सार्थकी लागला.

माझी तक्रार वेगळी आहे. रेडियम फक्त एवढेच सांगते की इथे काहीतरी आहे, आणि तेही तुमच्या गाडीचा प्रकाश त्यावर पडला तर. पुढची ट्रॉली आता कुठे वळणार, हे ते सांगू शकत नाही. ते काम इंडिकेटरचे. त्या इंडिकेटरसाठी कुठे कार्यक्रम झाल्याचे मला आठवत नाही. फोटोत वायर दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

या ब्लॉगवर मी सहसा समाज, शिक्षण, इतिहास यांवर लिहितो. आज वायरिंगवर लिहितोय. वाचक म्हणतील, मास्तरांना काय झाले? पण या विषयावर लिहिण्याचा मला थोडा हक्क आहे, आणि थोडे देणेही आहे. इंदापूर रस्त्याला माझ्या अब्बांचे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान होते. दहा बाय बाराचा गाळा, भिंतीला टांगलेली वायरची भेंडोळी, एक टेस्ट लॅम्प, एक सोल्डरिंग आणि दारात कायम एखादा ट्रॅक्टर किंवा तीनचाकी. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात, त्यामुळे त्या गाड्यांचे वायरिंग आमच्या भागातल्या पोरांना तोंडपाठ. ट्रॅक्टरचे मात्र वेगळे. कंपनीतून निघतो तेव्हा त्याचे वायरिंग चांगले असते. त्याच्या मागे जी ट्रॉली लागते, ती कुठल्या तरी गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करून बनलेली असते. तिला दिवे असतीलच असे नाही. ट्रॉलीवाला ती घेऊन आमच्याकडे यायचा आणि म्हणायचा, "चाचा, मागं काहीतरी लावा. पोलिसानं अडवलं नाय पाहिजे."

त्या "काहीतरी" या शब्दावरच हा सगळा लेख आहे.

२००६-०७ चा हंगाम या भागातले लोक विसरणार नाहीत. ऊस एवढा झाला होता की उन्हाळा डोक्यावर आला तरी फडात उभा होता आणि कारखाने चालूच होते. ट्रॅक्टर रात्रंदिवस पळत होते. अब्बांकडे रांग लागायची. मी तेव्हा कॉलेजात होतो, वय एकोणीस. सुट्टीत दुकानात बसायचो. एक ट्रॉली आली. मागे दोन्ही बाजूंना लाल काचेचा एकेक दिवा, आत एका फिलामेंटचा २१ वॅटचा बल्ब. मालकाला रात्री पार्किंगही लागायला हवे होते आणि इंडिकेटरही मारायला हवा होता. दिवे दोनच. नवे चार घ्यायचे म्हटले तर त्याची तयारी नव्हती. "ऊस आधी पडू द्या, मग बघू."

मी हुशार होतो. निदान स्वतःला तसे समजत होतो. पार्किंगची वायर आणि इंडिकेटरची वायर सरळ एकत्र जोडली तर काय होते ते मला माहीत होते. पार्किंगचा करंट उलटा इंडिकेटरच्या वायरीत घुसतो, डॅशबोर्डवरचा दिवा कायम जळत राहतो, आणि इंडिकेटर दिला की फ्लॅशरचा करंट पार्किंगच्या सगळ्या दिव्यांत पसरून ट्रॅक्टरचे पुढचे दिवेही मिचकायला लागतात. म्हणून मी दोन्ही वायरींत एकेक डायोड टाकला. डायोड म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा. उलटा प्रवाह बंद. दोन्ही बाजूंना मिळून चार डायोड, सहा अँपिअरचे. वर टेप गुंडाळली. पार्किंगचे बटण दाबले, दिवे लागले. बंद केले. उजवा इंडिकेटर दिला, उजवा दिवा मिचकला. डावा दिला, डावा मिचकला. दुपारचे चार वाजले होते. मालक खूश, मी खूश. अब्बा दुसऱ्या गाडीखाली होते. त्यांनी विचारले, "हुआ क्या?" मी म्हणालो, "हुआ."

वाचकांपैकी कुणी हे काम करणारे असतील तर त्यांना चूक कळली असेल. मी दोन्ही बटणे एकदम दाबून पाहिली नव्हती.

रात्री पार्किंग चालूच असते. म्हणजे त्या एकाच फिलामेंटला पार्किंगच्या वायरीतून पूर्ण बारा व्होल्ट मिळत असतात, आणि तो पूर्ण ताकदीने जळत असतो. त्यात इंडिकेटर दिला तर फ्लॅशर त्याच फिलामेंटला थांबून थांबून तेच बारा व्होल्ट देतो. आधीच भरलेल्या घागरीत पेल्याने पाणी ओतावे तसे. दिव्यात काहीच फरक पडत नाही. ड्रायव्हरच्या समोर मात्र इंडिकेटरचा छोटा दिवा नेमाने मिचकत असतो, फ्लॅशर टिकटिक करत असतो, कारण त्याच्या बाजूने सगळे ठीक असते. मागच्याला दिसतात दोन स्थिर लाल दिवे. त्यांचा अर्थ एकच: ट्रॉली सरळ चालली आहे.

जानेवारीतल्या एका रात्री ती ट्रॉली कारखान्यावर ऊस टाकून रिकामी परत निघाली होती. अंथुर्णे मागे टाकून निमगाव केतकीच्या अलीकडे उजव्या हाताला एक पाणंद आहे, तिथून तिला फडाकडे वळायचे होते. मागून माझा आतेभाऊ मोटारसायकलवर इंदापूरला, फुफीच्या घरी चालला होता. दोन स्थिर दिवे बघून त्याने उजवीकडून ट्रॉली काढायला घेतली आणि त्याच क्षणी ट्रॉली उजवीकडे वळली.

तो वाचला. मांडीच्या हाडात सळई घालावी लागली, आठ महिने घरी बसला, एक पाय आजही थोडा आखूड आहे. पोलिसांसमोर ड्रायव्हर एकच वाक्य बोलत राहिला: "साहेब, मी इंडिकेटर दिला होता." त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. माझा आतेभाऊ शपथेवर सांगत होता की इंडिकेटर नव्हता. दोघेही खरे बोलत होते. दोघांच्या मधल्या दिव्याने घात केला, आणि त्या दिव्याची जोडणी माझ्या हातची होती.

ट्रॉली आमच्याच दुकानातून गेली होती, हे अब्बांना तिसऱ्या दिवशी कळले. ते मला घेऊन ट्रॉलीपाशी गेले. अंधार पडेपर्यंत थांबले. मग पार्किंग लावले, इंडिकेटर दिला आणि मागे जाऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, "दोनों बटन एक साथ चालू किये थे क्या?" त्यानंतर ते पोलिसांकडे गेले आणि सांगितले की ड्रायव्हर खोटे बोलत नाही, वायरिंग चुकले आहे, काम माझ्या दुकानातले आहे. समोरच्या हवालदारांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "चाचा, जाऊ द्या. वायरीला कुठं कलम असतंय?" पंचनाम्यात ड्रायव्हरचा निष्काळजीपणा असेच राहिले. त्या माणसाचे नाव मी इथे लिहीत नाही, पण तो हंगाम त्याने ट्रॅक्टरवर पूर्ण केला नाही, एवढे मला माहीत आहे.

आता मुद्द्याचे. एकाच दिव्याकडून दोन्ही कामे करून घ्यायची असतील तर काय करायला हवे होते?

सोपा मार्ग डबल फिलामेंटच्या बल्बचा. एकाच काचेत ५ वॅटचे आणि २१ वॅटचे अशी दोन फिलामेंट असतात. पार्किंग पाचावर, इंडिकेटर एकविसावर. मंद दिवा कायम जळतो आणि त्यावर चौपट ताकदीचा दिवा मिचकतो. डोळ्याला फरक लगेच कळतो. अमेरिकेत तर अनेक गाड्यांत मागचा एकच लाल दिवा पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर अशी तिन्ही कामे याच पद्धतीने करतो. पण त्याला होल्डरही डबलचाच हवा. डबल बल्बच्या बाजूच्या दोन टिकल्या एक वर, एक खाली अशा असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. आमच्याकडे काय करतात? एक टिकली कानसीने घासून टाकतात आणि बल्ब जुन्या होल्डरमध्ये कोंबतात. मग तो उलटाही बसतो, एकवीसचे फिलामेंट कायम जळते आणि पाचाचे बिचारे त्याच्या उजेडात मिचकत राहते. पुन्हा तेच.

दुसरा मार्ग रिलेचा. रिले हा मला आवडणारा शब्द आहे. पूर्वी लांबच्या प्रवासात टप्प्याटप्प्यावर दमलेले घोडे सोडून ताजे घोडे घ्यायचे, त्यावरून तो आला. शेरशाहच्या सराईंमध्ये डाकेचे घोडे असेच बदलत. विजेच्या रिलेतही तेच: लहानसा करंट आत येतो, गुंडाळीत चुंबक तयार होते, पट्टी खेचली जाते आणि मोठा करंट दुसऱ्या वाटेने पुढे जातो. पाच पिनांच्या रिलेत पट्टीला दोन घरे असतात. ३० नंबरच्या पिनेला दिवा जोडायचा. ८७-ए म्हणजे रिले झोपलेला असतानाचे घर, तिथे पार्किंगची वायर. ८७ म्हणजे रिले जागा झाल्यावरचे घर, तिथे इंडिकेटरची वायर. ८५ आणि ८६ या गुंडाळीच्या पिना. एकीला अर्थ, दुसरीला इंडिकेटरचा करंट. इंडिकेटर दिला की रिले पार्किंगला त्या दिव्यापासून तोडतो आणि दिवा इंडिकेटरच्या ताब्यात देतो. दोन बाजूंना दोन रिले.

कागदावर हे सुंदर दिसते. पण इथेही एक खड्डा आहे, आणि अब्बा व मी त्यातही पडलो. फ्लॅशरचा करंट थांबून थांबून येतो. तो आला की रिले जागा होतो आणि दिव्याला इंडिकेटरचा करंट मिळतो. तो थांबला की रिले झोपतो, पट्टी परत पार्किंगवर जाते आणि दिव्याला पार्किंगचा करंट मिळतो. म्हणजे दिवा विझतच नाही! रिले टकटक करतो आणि दिवा स्थिर. त्या संध्याकाळी अब्बा प्रथमच हसले. उपाय असा की दोन मिचकण्यांच्या मधल्या वेळातही रिले जागाच राहिला पाहिजे. त्यासाठी गुंडाळीच्या वाटेत एक डायोड आणि गुंडाळीला समांतर एक मोठा कपॅसिटर लावायचा. आम्ही २२०० मायक्रोफॅरडचा लावून पाहिला, तो काठावर निघाला, कधी धरायचा, कधी सोडायचा. ४७०० चा लावल्यावर जमले. कपॅसिटर भरलेला असेपर्यंत रिले पट्टी धरून ठेवतो आणि इंडिकेटर बंद केला की अर्ध्या-पाऊण सेकंदात सोडतो, पार्किंग परत येते. इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा मिचकावे असा नियम आहे. त्यातल्या सर्वांत संथ चालीलाही पुरेल एवढा दम त्या कपॅसिटरमध्ये हवा.

आणि अर्थ. हे वेगळे सांगायलाच हवे, कारण निम्मे आजार तिथले असतात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये अर्थची वायर न टाकता लोक हुकाच्या लोखंडावर भिस्त ठेवतात. हुक गंजलेला, त्यात माती, ट्रॉली हिंदकळतेय. अर्थ सुटला की करंट परत जायला दुसऱ्या दिव्याच्या फिलामेंटमधून वाट शोधतो. मग उजवा दिला तर डावाही मिणमिणतो, ब्रेक दाबला तर पार्किंग विझते. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचे सॉकेट असते. त्यात अर्थला स्वतंत्र पिन आहे, डाव्या-उजव्या इंडिकेटरला वेगवेगळ्या आहेत, ब्रेकला आहे, पार्किंगला आहे. म्हणजे ज्यांनी ते ठरवले त्यांना हे दिवे वेगळे असावेत हेच अभिप्रेत होते. आमच्याकडे त्या सॉकेटचे झाकण उघडलेलेच नसते. दोन वायरी सीटखालून ओढून ट्रॉलीला पिळ्या मारल्या की झाले वायरिंग.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. सगळ्यांत चांगले म्हणजे वेगळे दिवे: लाल पार्किंग, नारिंगी इंडिकेटर. आपल्याकडचा नियमही नारिंगीचाच आहे. जिथे लाल इंडिकेटर चालतो त्या अमेरिकेत रस्तेसुरक्षा खात्याने २००९ साली अपघातांची आकडेवारी तपासली, तेव्हा नारिंगी इंडिकेटरच्या गाड्यांना वळताना मागून बसणाऱ्या धडका ५ टक्क्यांच्या आसपास कमी आढळल्या. रिले ही तडजोड आहे. पण दिवा एकच असेल तर रिले किंवा डबल फिलामेंट यांच्याशिवाय तो जोडणे म्हणजे मागच्याला फसवणे आहे. बिनदिव्याची ट्रॉली निदान संशय निर्माण करते, माणूस वेग कमी करतो. स्थिर जळणारा इंडिकेटर विश्वास निर्माण करतो. तो जास्त घातक.

मग हे होत का नाही? रिले आज शे-दीडशे रुपयांत मिळतो. पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर वेगवेगळे असलेले तयार एलईडी दिवे बाजारात आहेत. (एलईडीला करंट कमी लागतो, त्यामुळे जुन्या फ्लॅशरला वाटते बल्ब उडाला आणि तो घाईघाईने मिचकतो, त्यासाठी फ्लॅशर बदलावा लागतो, पण तोही काही सोन्याचा नसतो.) पैशापेक्षा मोठे कारण हे की ती वायर कुणाचीच नसते. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली कधी दुसऱ्याची, ड्रायव्हर पगारी, तोडणीची टोळी बीडकडून आलेली, करार कारखान्याशी. ड्रायव्हर म्हणतो मालकाला विचारा. मालक म्हणतो उचल फिटू द्या. कारखाना म्हणतो, वाहन वाहतूकदाराचे, आमचे नाही. आणि ट्रॉली भरली की उसाची वाढी मागे लोंबतात, असलेला दिवाही झाकला जातो.

मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने दिवे लागलेच पाहिजेत, मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. ताशी ६० च्या वेगाने १५५ मीटर म्हणजे नऊ सेकंद. नऊ सेकंदांत माणूस सहज थांबतो. आणि आता तर पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजकडे जाणारा पालखी महामार्ग रुंद झालाय. जिथे पूर्वी चाळिशीने जायचो तिथे लोक ऐंशी-शंभरने जातात. बेलवाडीला जिथे तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण पाहायला आम्ही लहानपणी जायचो, त्याच रस्त्यावर आता हंगामात रात्री एकापाठोपाठ ट्रॉल्या आणि त्यांच्या मधून सुसाट गाड्या. ट्रॉली मात्र तीच, पंधरा-वीस किलोमीटरच्या चालीने.

यावर लोक दोन उपाय सुचवतात. एक, दंड वाढवा. मला तो पटत नाही. रात्री दोन वाजता रस्त्यावर अडवून दंड कुणाला होतो? ड्रायव्हरला. त्याच्या खिशातून जातो आणि वायर तशीच राहते. दुसरा, रात्रीची ऊस वाहतूक बंद करा. ज्याने कधी ऊस लावला नाही तोच हे बोलू शकतो. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, साखर उतरते, आणि गव्हाण चोवीस तास चालते.

मला वेगळे सुचवायचे आहे. या सगळ्या साखळीत एकच जागा अशी आहे जिथे प्रत्येक ट्रॉलीला थांबावेच लागते: वजनकाटा. भवानीनगरचा छत्रपती असो, माळेगाव असो, सोमेश्वर असो, बिजवडीचा कर्मयोगी असो की शहाजीनगरचा नीरा-भीमा, काट्यावर चढल्याशिवाय एक कांडे आत जात नाही. रिकामी झाल्यावर ती पुन्हा काट्यावर येते. या परतीच्या काट्यावर एक माणूस मागे उभा करा. पार्किंग लाव, उजवा दे, डावा दे, ब्रेक दाब. पार्किंग चालू ठेवूनच. अर्धा मिनिट लागेल. जे बिघडले असेल त्यासाठी बाजूलाच एक गाळा, त्यात स्थानिक इलेक्ट्रिशियन, सामानाचे पैसे वाहतूकदाराच्या बिलातून. कारखाने उचलीचे लाखो रुपये बिलातून कापून घेतातच, त्यात हे तीन-चारशे कुणाला दिसणारही नाहीत. गाळपाचा परवाना पुण्याचे साखर आयुक्तालय देते. त्याच्या अटींत ही एक ओळ घालायला कायदा बदलावा लागत नाही. आणि रिकाम्या ट्रॉलीची तपासणी झाली तर रांग अडत नाही, ऊस वाळत नाही. रांगेत दहा-बारा तास उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांना अर्ध्या मिनिटाचे काय?

आक्षेप येईल की काट्यावर ठीक असलेली वायर फडात तुटते. तुटते. म्हणून तर दर खेपेला बघायची. उसाचे वजनही आपण हंगामात एकदाच करत नाही.

आता आपल्या लोकांबद्दल. गॅरेज, वायरिंग, रेडिएटर, सीट कव्हर, वेल्डिंग या धंद्यांत आपली पोरे किती आहेत हे कुठल्याही तालुक्याच्या गावात नजर टाकली की दिसते. मुसलमानांत नोकरीपेक्षा असा स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. हे सगळे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली होते. हात तयार होतो, कान तयार होतो. इंजिनाच्या आवाजावरून आजार ओळखणारे लोक मी पाहिलेत. पण नकाशा वाचायला कुणी शिकवत नाही. लाल वायर लालला, निळी निळ्याला, का ते विचारायचे नाही. माझ्या त्या जोडणीला मीही नकाशा काढला नव्हता. काढला असता तर दोन बाणांचे तोंड एकाच फिलामेंटवर येतेय हे कागदावर दिसले असते. आयटीआयमध्ये हे शिकवतात, पण आठवीत शाळा सुटलेल्या आणि चौदाव्या वर्षी पाना हातात घेतलेल्या पोराला तिथले दार बंद असते. मशिदींच्या आणि जमातींच्या कमिट्या उन्हाळ्यात पोरांसाठी वर्ग घेतात, कौतुकास्पद आहे. रविवारी दोन तास सर्किट वाचायचा वर्ग घेतला तर शिकवायला मी येईन. माझी चूक हाच पहिला धडा.

आणि गिऱ्हाईक घासाघीस करते म्हणून "काहीतरी" लावून देणे आपण थांबवले पाहिजे. मला माहीत आहे, तुम्ही नाही म्हटले तर तो शेजारच्या दुकानात जाईल. अब्बांचीही काही गिऱ्हाइके गेली.

त्या हंगामानंतर अब्बांनी दुकानात एक नियम केला. ट्रॉली कितीही लवकर तयार झाली तरी मगरीबच्या आधी द्यायची नाही. अंधार पडला पाहिजे. नमाजहून आले की ते स्वतः ट्रॉलीच्या मागे पन्नास पावले चालत जायचे आणि तिथून ओरडायचे. वाहतूकदार चिडायचे, "चाचा, चारला काम झालंय, सात वाजले." अब्बा ऐकायचे नाहीत. ते गेल्यावर दुकान आतेभावाने घेतले. होय, तोच. आखूड पायाने ट्रॅक्टरवर चढता येत नाही, पण हात पक्का आहे, आणि रिलेचे तो माझ्यापेक्षा चांगले करतो. कपॅसिटर पाण्याने खराब होतो म्हणून आता सगळे एका छोट्या डबीत बसवतो.

परवा शाळा सुटल्यावर दुकानात गेलो होतो. दारात डबल ट्रॉली उभी होती, मालक घड्याळ बघत होता. अजान झाली, अंधार पडला. आतेभाऊ म्हणाला, "भाई, जरा पीछे जाओ ना." मी पन्नास पावले गेलो. त्याने पार्किंग लावले आणि उजवा दिला. उजवा मिचकला. डावा दिला. डावा मिचकला नाही, मागच्या ट्रॉलीचा. मी हात वर केला. मालकाने कपाळाला हात लावला, आणि आतेभाऊ टेस्ट लॅम्प घेऊन खाली उतरला.